ज्याच्या घरचा कचरा, त्याच्याच हातचे खत

पावसाळा तोंडावर आला की आरोग्य केंद्रातली रांग लांबत जाते. आधी जुलाब, उलट्या, कावीळ, टायफॉइड. मग डेंग्यू आणि लेप्टो. मुलाला सलाईन लावतो, ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या देतो, मूल हसत घरी जाते आणि तीन आठवड्यांत तेच मूल पुन्हा आईच्या कडेवर रांगेत दिसते. औषध संपते, पण वस्तीच्या तोंडाशी असलेला कचऱ्याचा ढीग संपत नाही. म्हणून या वेळी या पानावर गोळ्या-औषधांऐवजी त्या ढिगाबद्दल बोलू.

ओला कचरा वस्तीतच जिरवून त्याचे खत करण्याचे काम आम्ही काही वस्त्यांत करत आहोत. काम अवघड नाही, खर्चही फार नाही. पण ते अडते दुसऱ्याच एका ठिकाणी, आणि ते ठिकाण आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे. त्याबद्दलही मोकळेपणाने लिहितो.

ढिगात असते काय?

घरातली कचऱ्याची बादली एकदा जुन्या पेपरवर ओतून बघा. भाजीची देठे, कांद्या-बटाट्याची साले, चहाचा चोथा, उरलेला भात, भाकरीचा तुकडा, केळीची साल, अंड्याची टरफले. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा भाग असा ओला असतो. बाकीचा प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, बाटल्या, चिंध्या.

वास येतो तो या ओल्या निम्म्याला. माशी बसते ती त्याच्यावर. उंदीर, घुशी, भटकी कुत्री, डुकरे येतात ती त्याच्यासाठी. नुसत्या कोरड्या प्लास्टिकच्या पोत्यावर माशी घोंघावत नाही आणि घूसही बीळ करत नाही. म्हणजे ओले वेगळे काढून जिरवले, तर ढिगातला रोगाचा मोठा भाग निघून जातो. उरलेले कोरडे चार दिवस पोत्यात पडून राहिले तरी सडत नाही.

घरमाशी एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत अंड्यापासून उडती माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कचऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा येत असेल, तर दोन फेऱ्यांच्या मध्ये माश्यांची एक पिढी आपल्याच कुंडीत वाढते. तीच माशी उघड्या गटारावर बसते, मग पोराच्या दुधाच्या वाटीवर. जुलाब, टायफॉइड, कॉलरा यांचे जंतू ती पायांना चिकटवून आणते.

उंदरांचे तसेच. गल्लीत पाणी तुंबते, त्यात उंदरांचे मूत मिसळते आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टोचा जंतू अंगात शिरतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरानंतर लेप्टोने किती घरांत माणसे गेली, हे तिथल्या वस्त्यांना विचारायला नको. उंदीर आणि साथ यांचे नाते जुने आहे. सावित्रीमाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या त्या प्लेगने, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता. प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगच्या बातमीने पुन्हा घबराट उडाली होती. औषधे आता चांगली आहेत, पण उंदराला रोज ताट वाढून ठेवायचे आणि वर औषधांवर भरवसा ठेवायचा, हे काही खरे नाही.

तिसरी गोष्ट धुराची. कुंडी भरली की कोणीतरी काडी लावते. विहाराच्या, शाळेच्या आवारातला पालापाचोळाही आपण झाडून जाळतो. ओला कचरा जळत नाही, धुमसतो, आणि त्यातले प्लास्टिक विषारी धूर सोडते. दम्याचे रुग्ण, टीबीतून उठलेली माणसे, बाळंतीण आणि तान्हे मूल यांना हा धूर थेट बाधतो. मोठ्या डंपिंग ग्राउंडवरही तेच घडते. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जातो. दाबून सडलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता. सगळ्यांत जास्त तो गोवंडीच्या वस्त्यांनी गिळला. पुण्याजवळ उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी, औरंगाबादेत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या त्या याच त्रासाने. २०१८ साली नारेगावने गाड्या बंद केल्यावर औरंगाबादच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले होते. शहराचा ओला कचरा शेवटी कोणाच्या ना कोणाच्या दारात जातो, आणि ते दार बहुतेक वेळा गरिबाचे असते.

"पुन्हा त्याच कामाला लावता काय?"

वस्तीच्या सभेत कचऱ्याच्या खताचा विषय काढला की कोणीतरी वडीलधारे उठतातच. त्यांचे म्हणणे असे: "आमच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. बापानं म्युनिसिपालटीत झाडू मारला. पोरं शिकवली ती या घाणीतून निघावीत म्हणून. आणि आता तुम्ही नर्सबाई म्हणता, कचऱ्यात हात घाला?"

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. तो विचारणाऱ्याच्या हाताला घट्टे आहेत आणि त्याला विचारायचा हक्क आहे. आम्ही त्याचे उत्तर असे देतो.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृत मांस सोडायला सांगितले, दुसऱ्याचे उष्टेखरकटे खाणे सोडायला सांगितले. त्याच परिषदेच्या ठरावांमध्ये स्पृश्य समाजाला एक आवाहन होते, ते म्हणजे मेलेली जनावरे ज्याची त्याने पुरावीत. हे नीट लक्षात घ्या. जनावर मेले तर ते कोणीतरी पुरलेच पाहिजे. अन्याय होता तो हा, की एकाचे जनावर दुसऱ्याने, तेही जन्माने ठरवून दिलेल्या दुसऱ्याने ओढायचे. ज्याची घाण त्याने निस्तरावी, हा स्वाभिमानाचा नियम महाडला सांगितला गेला.

आता आपल्या गल्लीतल्या कुंडीकडे बघा. आपण सगळे एकत्र बांधून पिशवी फेकतो. आपला हात तिथे संपतो. पण कोणाचा तरी हात तिथूनच सुरू होतो. घंटागाडीवरची ताई, कंत्राटावरचा सफाई कामगार, भंगार वेचणारी मावशी ती पिशवी फोडतात. तीही बौद्ध, मातंग, मेहतर, वाल्मीकी अशा आपल्यासारख्याच घरांतली असतात. दवाखान्यात असताना अशा कितीतरी हातांचे ड्रेसिंग आम्ही केले आहे. सडलेल्या भातात लपलेले ब्लेड, फुटलेल्या बल्बची काच, इन्सुलिनची सुई. कोरडी काच दिसते, खरकट्यात बुडालेली काच दिसत नाही. त्या जखमेतून धनुर्वात होऊ शकतो, सुईतून हिपॅटायटिस बी होऊ शकते. गावाने आपल्या आज्यावर जे काम लादले, तेच आपण मिसळलेल्या पिशवीतून या ताईवर लादतो.

म्हणून आमच्या कामाचा पहिला नियम आहे: ज्याच्या घरचा ओला कचरा, त्याच घरच्या माणसाने तो ड्रमपर्यंत आणायचा आणि आपल्या हाताने टाकायचा. या कामाला पगारी माणूस ठेवायचा नाही. "तिला सवय आहे" म्हणून सफाई कामातून निवृत्त झालेल्या मावशीच्या गळ्यात तर अजिबात घालायचे नाही. आणि घरातून बादली आणणारी नेहमी सूनच असेल असेही चालायचे नाही. ड्रम हलवण्याच्या पाळीच्या यादीत घरातल्या पुरुषांची आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरांची नावे असली पाहिजेत. हा नियम जिथे पाळला गेला तिथे वडीलधारी माणसेही बादली घेऊन आली. जिथे एका बाईवर काम टाकले गेले, तिथे दीड महिन्यात ड्रम बंद पडला.

दहा घरे, तीन ड्रम

एका घरातून रोज साधारण अर्धा किलो ओला कचरा निघतो. माणसे जास्त असतील तर किलोभर. दहा घरांचा झाला पाच किलो. एवढ्याला दोनशे लिटरचे तीन ड्रम पुरतात. पहिला ड्रम भरायला अंदाजे तीन-चार आठवडे लागतात. मग दुसरा भरायचा, मग तिसरा. तिसरा भरत येईपर्यंत पहिल्यातले खत तयार झालेले असते. तो रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ड्रम भंगारवाल्याकडे मिळतात. घेताना आधी त्यात काय होते ते विचारा. कीटकनाशक, अ‍ॅसिड किंवा रंगाचा ड्रम फुकट दिला तरी घेऊ नका. खाद्यतेलाचा, लोणच्याचा किंवा सरबताचा चालतो. झाकण घट्ट बसणारे हवे. ड्रमच्या अंगाला चारी बाजूंनी, चार-चार बोटांच्या अंतरावर पेन्सिल जाईल एवढी भोके पाडा. त्याहून मोठी नकोत, उंदराची पिल्ले शिरतात. तळालाही पाच-सहा भोके पाडा आणि ड्रम विटांवर उंच ठेवा. खाली जुनी थाळी ठेवली की झिरपलेले काळे पाणी तिच्यात जमते. त्यात दहापट पाणी मिसळून झाडांना घालता येते. थाळी दोन दिवसांनी रिकामी करायचीच, नाहीतर डास होतील. जागा सावलीची आणि पाणी न तुंबणारी निवडा. सार्वजनिक नळापासून, बोअरपासून ती लांब असावी.

आता भरण्याची रीत.

तळाला वीतभर काटक्या, नारळाच्या शेंड्या टाका. त्याने हवा खेळते. वर घमेलेभर जुने खत, शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडा. हे विरजण. पहिल्या वेळेलाच लागते. पुढच्या ड्रमला पहिल्याचे खत विरजण म्हणून चालते.

रोज एक बादली ओले टाकले की त्यावर एक ते दीड बादली कोरडे टाकायचे. कोरडे म्हणजे वाळलेला पाला, सुताराकडचा भुसा, फाडलेला पुठ्ठा, वर्तमानपत्राचे तुकडे. या कामातली खरी गुरुकिल्ली हीच आहे. ओल्यात नत्र जास्त असते, कोरड्यात कर्ब. दोन्ही मिळाले तर जंतू नीट काम करतात आणि वास येत नाही. नुसते ओले टाकले तर ते कुजते, आंबते आणि घाण सुटते. लोक म्हणतात "खताचा वास येतो". खरे तर तो वास कोरडे न टाकल्याचा असतो.

आणि कोरड्यासाठी बाजारात जायची गरज नाही. विहाराच्या आवारातल्या पिंपळाचा, शाळेच्या मैदानातल्या कडुलिंबाचा पाला झाडून जाळण्याऐवजी पोत्यांत भरून ठेवा. पानगळीत भरलेली आठ-दहा पोती पावसाळाभर पुरतात. पावसात कोरडा पाला मिळत नाही आणि तेव्हाच तो सगळ्यात जास्त लागतो. म्हणून पोती छपराखाली रचून ठेवा.

आठवड्यातून एकदा दंताळ्याने किंवा काठीने ड्रममधले वरखाली करा. हवा लागली की तीन-चार दिवसांत आत ऊब जाणवते. ही ऊब म्हणजे काम सुरू असल्याची खूण. ओलावा बघायचा तर मूठभर घेऊन दाबा. एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर कोरडे वाढवा. काहीच आले नाही आणि मूठ सुटली तर पाणी शिंपडा.

ड्रम भरला की झाकण लावून ४५ ते ६० दिवस ठेवायचा. अधूनमधून हलवायचा. खत झाले की काळे, भुसभुशीत दिसते आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. चाळून घ्या. वर राहिलेले जाड तुकडे पुढच्या ड्रममध्ये. एका ड्रममधून साधारण तीसेक किलो खत निघते.

विदर्भ-मराठवाड्यात जिथे वस्तीला मोकळी जागा आहे, तिथे ड्रमपेक्षा नाडेपचा हौद बरा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवतावजी पांढरीपांडे यांनी ही रीत बसवली, त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून 'नाडेप'. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा विटांचा हौद, भिंतींत हवेसाठी भोके ठेवून बांधायचा. पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर देऊन वरून लिंपून टाकायचा. तीन-चार महिन्यांत खत मिळते. आवारातला ढीगभर पाला जिरवायला याच्यासारखी सोय नाही.

ज्यांना ड्रमही ठेवायला जागा नाही, त्यांनी भोके पाडलेल्या दोन जुन्या बादल्यांत हेच करावे. दारातल्या पायरीवर बादली मावते.

काय टाकायचे नाही

आपल्याकडे रविवारी मटण, आठवड्यातून दोनदा सुकट-बोंबील शिजते. हाडे, काटे, कोंबडीची आतडी ड्रममध्ये नकोत. उंदीर आणि मांजरी त्या वासाने ड्रम उलथवतात. मोकळी जमीन असेल तर दोन फूट खोल खड्डा करून पुरा, वर माती दाबा. नसेल तर कागदात गुंडाळून त्याच दिवशी घंटागाडीला द्या. तेलकट रस्सा, लोणच्याचा खार थोडासाच टाका. भात, पोळी, वरण चालते, पण पाणी निथळून आणि भरपूर कोरड्यासोबत.

मुलांचे डायपर, सॅनिटरी पॅड, आजारी माणसाची बेडपॅनची घाण, कुत्र्या-मांजराची विष्ठा कधीच नाही. मोठ्या ढिगात उष्णता इतकी वाढते की बरेचसे रोगजंतू मरतात, पण छोट्या ड्रममध्ये तेवढी उष्णता येईलच असे नाही. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्या. मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवाव्यात, झाकण घट्ट लावावे आणि बाटली भरली की जवळच्या दवाखान्यात विचारून तिथे द्यावी. मुदत संपलेल्या गोळ्या, बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट हेही वेगळे.

नारळाच्या करवंट्या खतात महिनोन् महिने कुजत नाहीत. त्या अंगणात उघड्याही टाकू नका. करवंटीभर स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो. उपड्या घाला किंवा सुकवून चुलीत वापरा.

अडचणी आणि उपाय

घाण वास येतो: ओले जास्त झाले. दोन बादल्या कोरडे टाकून वरखाली करा. दोन दिवसांत वास जातो.

पांढऱ्या अळ्या दिसतात: ओले उघडे राहिले. प्रत्येक वेळी वर कोरड्याचा थर द्या, झाकण लावा. जाड, तपकिरी अळ्या असतील तर घाबरू नका. त्या कचरा झपाट्याने खातात आणि त्यांची माशी घरातल्या ताटावर बसत नाही.

मुंग्या लागल्या: आत कोरडे पडले आहे. पाणी शिंपडा.

काहीच होत नाही: तुकडे मोठे आहेत किंवा हवा नाही. कणसाची बुरकुंडे, फणसाची साल कापून टाका आणि ढवळा.

हात आणि फुफ्फुसे सांभाळा

कामाच्या वेळी रबरी हातमोजे घाला. हाताला जखम असेल तर त्या दिवशी पाळी दुसऱ्याला द्या. काम झाल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुवा आणि मगच पोराला घ्या, ताटाला हात लावा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. सरकारी आरोग्य केंद्रात ते मिळते.

तयार कोरडे खत चाळताना बुरशीची धूळ उडते. ती निरोगी माणसाला सहसा काही करत नाही, पण दमा असलेल्यांनी, टीबीचा उपचार सुरू असलेल्यांनी, एचआयव्ही किंवा कॅन्सरची औषधे घेणाऱ्यांनी चाळण्याच्या जागेपासून लांब राहावे. चाळणाऱ्याने तोंडा-नाकाला फडके बांधावे आणि खतावर आधी थोडे पाणी शिंपडावे.

तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले आणि पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जाऊन सांगा. लेप्टो टाळण्याची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. ताप येईपर्यंत थांबू नका.

भोजनदान आणि हार

१४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन. या दिवशी आपल्याकडे भोजनदान होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर थर्माकोलच्या थाळ्या, भाताचे ढीग आणि हार पडलेले असतात. ते झाडायला पुन्हा तीच सफाई कामगार ताई येते. म्हणून कमिटीने आधीच ठरवावे. वाढण्याच्या रांगेच्या शेवटी दोन पिंपे ठेवायची, एक ओल्याला, एक कोरड्याला, आणि तिथे दोन कार्यकर्ते उभे करायचे. पत्रावळी पानांच्या असतील तर त्याही खतात जातात, थर्माकोल कधीच जात नाही. हार टाकण्याआधी दोरा, जरी, प्लास्टिक काढून घ्यावे. झेंडूची फुले खतात फार लवकर जिरतात.

महापालिकेची जबाबदारी सुटत नाही

एक धोका सांगून ठेवतो. एका वस्तीत ड्रम लागल्यावर घंटागाडीच्या फेऱ्या कमी झाल्या. "तुम्ही खत करता ना, मग गाडी कशाला?" असे उत्तर मिळाले. हे चालू देऊ नका. २०१६ साली आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. कचरा वेगळा करून देणे, तो उघड्यावर, गटारात न टाकणे आणि न जाळणे हे घराचे काम. आणि झोपडपट्ट्यांसह सर्व घरांतून, दारोदार, वेगळा केलेला कचरा गोळा करणे हे स्थानिक संस्थेचे काम. आपण ओले जिरवतो ते आपल्या आरोग्यासाठी. कोरडे, पॅड, सुया, हाडे उचलायला गाडी आलीच पाहिजे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, वस्तीतल्या वीस-पंचवीस सह्या जोडा. त्याच अर्जात सफाई कामगारांना हातमोजे आणि गमबूट मिळावेत अशी मागणीही लिहा. ती मागणी त्यांच्या आधी आपण केली तर तिचे वजन वाढते.

कोरडे वेगळे ठेवण्याचा फायदा भंगार वेचणाऱ्या बहिणींनाही होतो. खरकटे न लागलेल्या पुठ्ठ्याला आणि प्लास्टिकला भाव मिळतो. पुण्यात या कष्टकरी बायांनी, ज्यांत बहुसंख्य दलित आहेत, १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. पुढे त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम मिळवले. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायांना खत आणि बायोगॅसच्या कामाचे शिक्षण दिले. आपल्या वस्तीत वेचणारी मावशी येत असेल, तर कोरड्याचे पोते तिच्या हातात द्या आणि येण्याचा वार ठरवून घ्या.

खताचे काय करायचे?

दहा घरांत वाटून घ्या. तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत एक भाग खत आणि दोन भाग माती घालून मेथी, पालक, कोथिंबीर, कढीपत्ता लावा. वस्तीच्या कडेला जागा असेल तर शेवगा लावा. आपल्या बायकांच्या आणि किशोरवयीन मुलींच्या अंगात रक्त कमी असते, हे तपासणीच्या प्रत्येक शिबिरात दिसते. पत्र्यावरच्या डब्यातली पालेभाजी लोहाच्या गोळ्यांची जागा घेणार नाही, गोळ्या चालूच ठेवा. पण जुडीचे पैसे नसलेल्या आठवड्यात तीच भाजी ताटात येते. कच्ची खायची भाजी वाहत्या पाण्यात नीट धुऊन घ्या.

सुरुवात कशी कराल?

सगळ्या वस्तीने एकदम सुरू करायची वाट पाहू नका. येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास बसा. तयार असलेली दहा घरे निवडा. ड्रमची जागा ठरवा, पाळीची यादी करा आणि ती विहाराच्या फळ्यावर लावा. पहिले दोन आठवडे फक्त घरात ओले-कोरडे वेगळे करण्याची सवय करा. ती लागली की ड्रम आणा.

एक वही घाला. डाव्या पानावर ड्रम कधी भरला, कधी हलवला, किती खत निघाले ते लिहा. उजव्या पानावर त्या दहा घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांना जुलाब कधी झाले, ते आशाताईंना विचारून लिहा. जुलाब पिण्याच्या पाण्यानेही होतात, म्हणून पाणी गाळून-उकळून पिणे, हात धुणे हेही सोबत चालू ठेवा. मूल जुलाबाने आजारी पडलेच तर ओआरएस लगेच सुरू करा आणि झिंकच्या गोळ्या पूर्ण १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी. चार महिन्यांनी दोन्ही पाने शेजारी ठेवून महिला मंडळाच्या बैठकीत वाचा, आणि शेजारच्या दहा घरांना त्या बैठकीला बोलवा.